ग्राहकाचा हक्क आणि निकालाची बजावणी : लवासाच्या निमित्ताने

किराणा दुकानातून मिठाची पुडी घेणारी गृहिणी, शिकवणी वर्गाची फी भरणारा विद्यार्थी आणि आयुष्यभराची पुंजी घालून घर नोंदविणारा नोकरदार, हे तिघेही कायद्याच्या दृष्टीने ग्राहक आहेत. तिघांनाही फसवणुकीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे. परंतु हक्क असणे वेगळे, त्या हक्काचा निकाल मिळणे वेगळे आणि निकालाप्रमाणे पैसा किंवा घर प्रत्यक्ष हाती येणे आणखी वेगळे. गेल्या काही वर्षांत ग्राहक संरक्षण कायद्यात पुष्कळ बदल झाले. त्यांची माहिती संस्थेच्या सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, आणि हा कायदा कोठे उपयोगी पडतो व कोठे अडतो हे आपल्याच जिल्ह्यातील एका उदाहरणावरून समजावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. ते उदाहरण म्हणजे मुळशी तालुक्यातील लवासा.

कायद्याची वाटचाल

ग्राहक चळवळीत महाराष्ट्र आघाडीवर राहिला आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्यापूर्वी सामान्य माणसाला दिवाणी न्यायालयात कोर्ट फी भरून वर्षानुवर्षे खेटे घालावे लागत. नव्या कायद्याने जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशी तीन पायऱ्यांची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. वकील न देता साध्या कागदावर तक्रार करण्याची सोय झाली.

या कायद्याची कक्षा हळूहळू वाढत गेली. १९९३ साली घरबांधणीचा समावेश ‘सेवा’ या संज्ञेत झाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सरकारी गृहनिर्माण संस्थाही ग्राहकाला जबाबदार आहेत असा निर्णय दिला. १९९५ साली डॉक्टरांची सशुल्क सेवा या कायद्याखाली आली. मात्र वकिलांची व्यावसायिक सेवा या कायद्याखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितले.

२०१९ च्या कायद्याने काय बदलले?

बाजार बदलला, घरबसल्या मोबाईलवरून खरेदी सुरू झाली आणि १९८६ चा कायदा अपुरा पडू लागला. म्हणून संसदेने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ केला. त्याला ९ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि जुलै २०२० मध्ये तो अंमलात आला. त्यातील महत्त्वाचे बदल असे :

१. मंचाचे आता आयोग झाले. पूर्वीच्या जिल्हा ग्राहक मंचाला आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग म्हणतात. ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाख रुपयांपर्यंतची तक्रार जिल्हा आयोगाकडे, ५० लाखांवरून २ कोटींपर्यंतची राज्य आयोगाकडे व त्यावरील राष्ट्रीय आयोगाकडे करावयाची असते. ही रक्कम ठरविताना आपण प्रत्यक्ष दिलेला मोबदला धरला जातो. मागितलेली नुकसानभरपाई त्यात मिळवीत नाहीत.

२. आपल्या गावाहून तक्रार करता येते. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. नागपूरच्या माणसाने लवासात घर नोंदविले असेल, तर त्याने त्यासाठी पुण्यालाच आले पाहिजे असे नाही.

३. फी माफक आहे. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास काहीही फी नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये व २० ते ५० लाखांना १,००० रुपये फी आहे.

४. सामनेवाल्याला मुदत ठरवून दिली आहे. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत व फार तर आणखी १५ दिवसांत त्याने आपली कैफियत द्यावयाची असते. जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीबाबत, ४५ दिवसांपलीकडे मुदत वाढवून देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करावयाची नसेल तर तीन महिन्यांत व करावयाची असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो.

५. अपिलावर अंकुश आहे. जिल्हा आयोगाच्या निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. परंतु रक्कम देण्याचा आदेश ज्याच्याविरुद्ध झाला आहे त्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. केवळ वेळ काढण्यासाठी होणाऱ्या अपिलांना त्यामुळे आळा बसतो.

६. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. एकाच फसवणुकीला हजारो लोक बळी पडतात तेव्हा प्रत्येकाने वेगळी तक्रार करण्याची वाट न पाहता हे प्राधिकरण स्वतः चौकशी करू शकते. फसव्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा त्याला अधिकार आहे.

७. एकतर्फी करार आव्हानास पात्र ठरले. ग्राहकाच्या हक्कांना मोठी बाधा आणणाऱ्या अटी ‘अनुचित करार’ ठरवून राज्य किंवा राष्ट्रीय आयोग रद्द करू शकतो.

विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आणखी दोन नियम आहेत. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यानुसार यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय छापता येत नाही व तो कोणत्या अभ्यासक्रमाला होता हेही सांगावे लागते. ऑनलाईन खरेदीसाठी जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच व एका महिन्यात निवारण द्यावयाचे असते.

लवासा : हक्क मिळाला, पण वाट अडली

आता मूळ उदाहरणाकडे वळू. मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, दासवे गावाच्या परिसरात, डोंगरउतारावर लवासा हे खाजगी गिरिशहर उभे राहू लागले. तलावाकाठच्या रंगीत इमारतींची छायाचित्रे पाहून अनेकांनी तेथे घरे नोंदविली. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला व नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. दरम्यान कर्ज वाढत गेले, कामे रखडली आणि अनेक ग्राहकांना ठरल्या वेळी ताबा मिळाला नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या प्रकल्पासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावकऱ्यांच्या तक्रारी ग्राहक कायद्यात बसत नाहीत, कारण ते खरेदीदार नव्हेत. त्यांचा लढा महसूल व जमीनविषयक कायद्यांखालचा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय फक्त घर नोंदविणाऱ्यांपुरता आहे.

लवासातील घरांचे करार नेहमीच्या विक्रीचे नव्हते. ते ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचे होते. ग्राहकांनी महारेराकडे, म्हणजे स्थावर संपदेच्या नियामक प्राधिकरणाकडे, उशिराबद्दल दाद मागितली, तेव्हा कंपनीने हरकत घेतली की रेरा कायदा विक्रीला लागू आहे, भाडेपट्ट्याला नाही. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने निर्णय दिला. घराच्या किमतीचा बहुतेक भाग आधीच घेतलेला असताना व मुदत ९९९ वर्षांची असताना अशा करारास भाडेपट्टा म्हटले तरी तत्त्वतः ती विक्रीच होय, आणि म्हणून रेरा कायदा लागू होतो, असे न्यायालयाने ठरविले. कागदावर कोणते नाव लिहिले यापेक्षा व्यवहार खरा काय आहे ते पाहावे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

ग्राहक जिंकले. परंतु तीनच आठवड्यांनी, ३० ऑगस्ट २०१८ रोजी, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने लवासा कॉर्पोरेशनविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे अशी प्रक्रिया सुरू होताच कंपनीविरुद्धचे दावे, तक्रारी व निकालांची बजावणी हे सर्व थांबते. त्याला मोरॅटोरियम म्हणतात. ज्याच्या हातात निकाल आहे आणि ज्याने अजून तक्रारही केलेली नाही, असे दोघेही त्या दिवशी एकाच दाराशी येऊन थांबतात.

सुदैवाने त्याच वर्षी ६ जून २०१८ च्या वटहुकुमाने घर नोंदविणाऱ्यांना बँकांप्रमाणे ‘वित्तीय धनको’ हा दर्जा मिळाला होता. त्यामुळे धनकोंच्या समितीत प्रतिनिधीमार्फत मत देण्याचा अधिकार त्यांना आला. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०१९ रोजी ही तरतूद वैध ठरविली आणि ग्राहक आयोग, रेरा व दिवाळखोरी संहिता हे तिन्ही मार्ग घरखरेदीदाराला खुले आहेत असे सांगितले. योगायोग असा की, नव्या ग्राहक कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती याच दिवशी.

दिवाळखोरीची प्रक्रिया ३३० दिवसांत संपावी असे संहिता म्हणते. लवासाच्या बाबतीत पुनरुज्जीवन योजना मंजूर व्हायला जवळजवळ पाच वर्षे लागली. २१ जुलै २०२३ रोजी न्यायाधिकरणाने १,८१४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कंपनीवरील मान्य दावे सुमारे ६,६४२ कोटी रुपयांचे होते व त्यांत ८३७ घरखरेदीदारांचे दावे होते. पर्यावरण मंजुरी मिळाल्यापासून पाच वर्षांत त्यांना बांधून पूर्ण झालेली घरे द्यावयाची होती. परंतु योजना प्रत्यक्षात आलीच नाही. त्यामुळे सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने मंजुरी मागे घेऊन प्रक्रिया पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. २०१८ साली न्यायालयात जिंकलेल्या ग्राहकाला सहा वर्षांनंतर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले.

बजावणी हाच कळीचा प्रश्न

घटना समितीत ९ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले, ते हक्कांची यादी देणारे कलम नव्हते. हक्क डावलला गेल्यास सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचे, आजचे ३२ वे कलम होते. ज्या हक्काला इलाज नाही तो हक्क पोकळ, हा त्यामागील विचार ग्राहक कायद्यालाही लागू पडतो.

आयोगाचा निकाल सामनेवाल्याने पाळला नाही तर दोन मार्ग आहेत. कलम ७१ प्रमाणे दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी त्याची बजावणी करून घेता येते. यालाच कोर्टाच्या जुन्या भाषेत दरखास्त म्हणतात. जप्ती, लिलाव इत्यादी उपाय यात येतात. दुसरा मार्ग कलम ७२ चा. आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५ हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जुन्या कायद्यात मात्र एक विचित्र त्रुटी राहून गेली होती. १५ मार्च २००३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीत कलम २५ मध्ये ‘अंतरिम आदेश’ असे शब्द आले. त्यामुळे अंतिम आदेशाची, विशेषतः ताबा देणे किंवा दस्त करून देणे अशा पैशाव्यतिरिक्तच्या आदेशाची, हुकूमनाम्याप्रमाणे बजावणी कशी करावी हा प्रश्न निर्माण झाला. पुण्यातील पाम ग्रोव्हज सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, १५ मार्च २००३ ते २० जुलै २०२० या काळापुरते ते शब्द ‘कोणताही आदेश’ असे वाचावेत. म्हणजे त्या सतरा वर्षांतील अंतिम आदेशांचीही बजावणी होऊ शकते. प्रलंबित दरखास्ती लवकर निकाली काढण्यासाठी राष्ट्रीय आयोगाच्या अध्यक्षांनी पावले उचलावीत, असेही न्यायालयाने सुचविले. ज्या गृहनिर्माण संस्थांचे जुने निकाल कपाटात पडून आहेत त्यांनी हा निर्णय अवश्य वाचावा.

दिवाळखोरीच्या संदर्भातही काही निर्णय उपयोगी आहेत. मोरॅटोरियम कंपनीला संरक्षण देतो, तिच्या प्रवर्तकांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. ग्राहकांचे आदेश न पाळल्याबद्दल राष्ट्रीय आयोगाने केलेला दंड व्यक्तिगत दिवाळखोरीचा अर्ज करून टाळता येणार नाही, असे ४ मार्च २०२५ रोजी ठरले. रेराचा आदेश मिळविलेल्या घरखरेदीदाराचा ‘घरखरेदीदार’ हा दर्जा त्यामुळे जात नाही, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. मात्र २०२५ च्या अखेरीस आलेल्या एका निर्णयाने सावधही केले आहे : मूळ निकालात संचालकांना जबाबदार धरलेले नसेल, तर बजावणीच्या वेळी त्यांच्यामागे लागता येत नाही. याचा अर्थ, तक्रार लिहितानाच कोणाला सामनेवाला करावयाचे व त्याचा दोष कोणता, हे नीट मांडले पाहिजे. बजावणीचा विचार निकालानंतर करून चालत नाही, तो तक्रारीच्या पहिल्या पानापासून करावा लागतो.

सभासदांनी काय करावे?

१. घर नोंदविताना महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा व संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती, त्यावरील कर्जाचा बोजा व पूर्णतेची तारीख तपासावी.

२. दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय देऊ नये. रेरा कायद्याचे कलम १३ बिल्डरला तशी रक्कम घेण्यास मनाई करते.

३. पावत्या, जाहिरातीची पत्रके, पत्रव्यवहार व मोबाईलवरील संदेश जपून ठेवावेत. तोंडी आश्वासन आयोगापुढे सिद्ध करणे कठीण जाते.

४. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे हे विसरू नये. भोगवटा प्रमाणपत्र न देणे ही सतत चालू राहणारी चूक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतील एका संस्थेच्या प्रकरणात म्हटले आहे. तरीही उशीर न करणे हेच शहाणपणाचे.

५. सुटीसाठी दुसरे घर घेतले एवढ्याने आपण ‘ग्राहक’ राहत नाही, असा युक्तिवाद कोणी केल्यास घाबरू नये. खरेदी व्यापारी हेतूने होती हे सिद्ध करण्याचा भार सामनेवाल्यावर आहे, असे २०२४ मध्ये ठरले आहे.

६. बिल्डर कंपनी दिवाळखोरीत गेल्याचे कळताच ठरलेल्या मुदतीत ‘फॉर्म सीए’ भरून कागदपत्रांसह आपला दावा तिच्या व्यवस्थापन अधिकाऱ्याकडे दाखल करावा. आपल्याकडे आयोगाचा निकाल आहे म्हणून स्वस्थ बसू नये. घरखरेदीदारांनी एकत्र येऊन आपल्या प्रतिनिधीला मत द्यावे, कारण समितीत एकट्याचा आवाज ऐकू जात नाही.

७. साध्या तक्रारींसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करावा. औपचारिक तक्रार १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. ज्यांना हे जमत नाही त्यांना विद्यार्थ्यांनी मदत करावी. एक अर्ज भरून देण्यास तासभर लागतो, पण त्यातून एखाद्या कुटुंबाचे हजारो रुपये वाचू शकतात.

समारोप

कायदा कमकुवत आहे असे आमचे म्हणणे नाही. मिठाच्या पुडीपासून विम्याच्या दाव्यापर्यंत असंख्य लहान तक्रारींत हा कायदा आजही सामान्य माणसाचा सर्वांत स्वस्त वकील आहे. परंतु लवासाने दाखवून दिले की, जेथे मोठे कर्ज, मोठी जाहिरात आणि अपुऱ्या मंजुऱ्या एकत्र येतात, तेथे चांगला निकालही वेळेवर उपयोगी पडेलच असे नाही. तेथे सही करण्यापूर्वीची एक दिवसाची चौकशी नंतरच्या दहा वर्षांच्या खेट्यांपेक्षा मोलाची ठरते.

मुदतीत निकाल, निकालाची त्वरित बजावणी आणि दिवाळखोरीत घरखरेदीदाराला घर मिळण्याची खात्री या तीन गोष्टींची मागणी ग्राहकांनी संघटितपणे करीत राहिले पाहिजे. १९८६ चा कायदा सरकारच्या मर्जीने आला नव्हता, त्यामागे गावोगावच्या ग्राहकांचे संघटन होते. पुढच्या सुधारणाही त्याच वाटेने येतील. आपल्या संस्थेच्या प्रत्येक शाखेत वर्षातून एकदा, २४ डिसेंबरच्या सुमारास, सभासदांची कागदपत्रे पाहून मार्गदर्शन करणारे एक शिबिर भरावे, अशी आमची विनंती आहे.